वेणूबाईंची पारख

चांगली चाळिशीची बाई ओट्यावर मांडी घालून बसली आहे आणि रबरी बदक जिभेनं चाटून पाहते आहे, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वेडी वाटली तर त्यात त्याचा दोष नाही. मलाही वाटली होती.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नवी नोकरी लागून मी लाखांदूरच्या पुढच्या एका तळ्याकाठच्या गावी प्राथमिक शाळेत रुजू झालो, त्या दिवशीच हे पाहिलं. पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला होता आणि माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे बालवाडी होती. बालवाडी सरकारी नव्हती. बाहेरगावची एक संस्था आमच्या भागात अशा बऱ्याच बालवाड्या चालवायची. त्या दिवशी संस्थेकडून खेळण्यांची पेटी आली होती. पेटीवर 'शैक्षणिक खेळणी' अशी झोकदार अक्षरं होती आणि पेटीसमोर वेणूबाई बसल्या होत्या. ठेंगणी, सावळी, अंगानं काटक बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कारण सकाळी शेतावर जाऊन आलेल्या. भोवती पंधरावीस पोरं श्वास रोखून उभी.

वेणूबाईंची रीत ठरलेली होती. खेळणं हातात घेतलं की आधी हुंगायचं. मग चाटायचं. मग ओल्या फडक्यानं खसाखसा घासायचं, आणि फडक्याला रंग लागला की ते खेळणं डावीकडे. मग उंबऱ्यावर दोनदा आपटायचं. कुठं धार निघाली, टवका उडाला, की डावीकडे. शेवटची परीक्षा सगळ्यात कडक. त्यांच्याजवळ बांबूचं एक कांडं होतं, दोन्हीकडून मोकळं, दोन बोटं आत जातील एवढं. खेळणं किंवा त्याचा निघू शकेल असा कुठलाही भाग त्या कांड्यातून पलीकडे पडला की तो विषय संपला. रंगीत मण्यांची एक सुंदर माळ होती. त्यांनी दोरा दातानं तोडला, एकेक मणी कांड्यातून टपटप खाली सोडला, आणि सगळी माळ डावीकडे गेली.

डावीकडचा ढीग उजवीकडच्यापेक्षा मोठा होत चालला तसं मला राहवेना. मी नुकताच ट्रेनिंग करून आलो होतो, अंगात मास्तरकी मावत नव्हती. म्हटलं, "बाई, संस्थेनं पाठवलंय म्हणजे कोणातरी तज्ज्ञानंच निवडलं असेल ना हे?"

त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्यानं चाटून पायलं काय जी?"

 पुढच्या सहासात वर्षांत त्या बाईनं माझी मास्तरकी पुष्कळदा उतरवली, त्याची ही सुरुवात.

त्या पेटीत चावीचं एक पत्र्याचं माकड होतं. चावी दिली की ढोलकं बडवायचं आणि गोल फिरायचं. पोरं खूष झाली. माकड थांबलं की "आनखी, आनखी" म्हणून गलका. वेणूबाईंनी चारदा चावी दिली. पाचव्यांदा माकडाकडे न पाहता पोरांकडे पाहत बसल्या. मग मला म्हणाल्या, "पायलं काय गुरुजी? माकडच खेळून राह्यला. लेकरं नुसते बसून राह्यले. मंग हे खेळनं कोनाचं, लेकराचं का माकडाचं?" माकड डावीकडे गेलं. पोरांनी थोडी रडारड केली. बाईंनी त्यांच्यासमोर रिकामी पेटीच आडवी करून ठेवली आणि घटकाभरात तिची बैलगाडी झाली, मग एसटी झाली, मग एक पोर तिच्यात बसून नवरदेव झालं.

"खेळन्यानं कमी करावं, लेकरानं जास्ती करावं," हे त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र. सातवी शिकलेल्या, भंडाऱ्याला कधीतरी तीन महिन्यांचं ट्रेनिंग झालेलं. मी त्या विषयावर पुस्तकं वाचून परीक्षा दिली होती. मला आठवतंय, त्या पुस्तकांत हेच चाळीस पानांत सांगितलेलं होतं.

आजूबाजूच्या गावांतल्या बालवाड्यांत अशी पेटी आली की तिला कुलूप लागायचं. खेळणं तुटलं तर तपासणीला उत्तर कोण देणार? म्हणून तपासणीच्या दिवशी पेटी उघडायची, खेळणी ओळीनं मांडायची, साहेबांची पाठ वळली की पुन्हा आत. पाच पाच वर्षांची खेळणी कोरी करकरीत. वेणूबाईंच्या रजिस्टरात मात्र शेऱ्याच्या रकान्यात ओळीनं एकच मजकूर असायचा: 'खेळून तुटले.' एका तपासणीत याबद्दल त्यांना बोलणी बसली. त्या म्हणाल्या, "नवं राह्यलं म्हनजे कोनी खेळलं नाई. लाज त त्याची वाटाले पायजे."

त्यांचे यजमान महादूभाऊ. तळ्याखाली त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, होती. माणूस इतका अबोल की वर्षभरात त्यांच्या तोंडून मी दहा वाक्यं ऐकली असतील तर शपथ. पण संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जावं तर हे गृहस्थ सागाचे तुकडे काचपेपरनं घासत बसलेले. ठोकळे. एकेक ठोकळा ते घासायचे आणि स्वतःच्या गालावरून फिरवून पाहायचे. गालाला टोचला की परत घासायचे. मूलबाळ नसलेलं हे जोडपं गावभरच्या पोरांसाठी ठोकळे घासतं, याचं मला कौतुक वाटे. मूलबाळ का नाही, हे मी कधी विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही.

आमची मीना तेव्हा दोन-अडीच वर्षांची. हट्टी, किरकिरी, आईच्या कमरेवरून खाली न उतरणारी. मी तिच्यासाठी नागपूरहून एक बाहुली आणली. सोनेरी केस, निजवली की डोळे मिटणारी. माझ्या मास्तरकीच्या पगाराला ती झेपणारी नव्हती, म्हणून गावात चार घरी मी ती मुद्दाम दाखवून आलो. वेणूबाईंकडेही नेली. त्यांनी बाहुली हुंगली, चाटली, आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत तिच्या डोळ्यात नख घालून डोळा बाहेर काढला. डोळा कांड्यातून टपकन खाली पडला.

माझी बायको दोन दिवस बोलली नाही. माझ्याशी! बाहुली फोडली वेणूबाईंनी, अबोला माझ्याशी.

तिसऱ्या दिवशी वेणूबाई स्वतः आमच्या घरी आल्या. बायकोला म्हणाल्या, "वहिनी, राग नोका धरू. एक गंज द्या, दोन लोटे द्या, अन् एक गाळनी द्या." मागच्या अंगणात त्यांनी मीनासमोर तो गंज, म्हणजे पातेलं, पाण्यानं भरून ठेवला आणि स्वतः लांब जाऊन बसल्या. मीना थोडा वेळ किरकिरली. मग तिनं लोटा बुडवला. या लोट्यातलं पाणी त्या लोट्यात, त्यातलं गाळणीत. गाळणीतून पाणी खाली पळून जातं हे कळल्यावर तिनं गाळणीकडे असं काही पाहिलं की मी आजही विसरलो नाही. उन्हं उतरेपर्यंत पोरगी ओतत बसली. एकदाही आईला हाक मारली नाही. बायकोचा राग त्या पाण्याबरोबरच गेला. वेणूबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "पान्याजवळून उठू नोका मात्र. लोटाभर पानी बी लेकराले पुरते."

आज माझ्या नातवाच्या खेळण्यांच्या खोक्यावर छापलेलं असतं की यात बारीक भाग आहेत, लहान मुलांना देऊ नये. त्या काळी असं काही छापलेलं नसायचं. आमच्या गावात बांबूचं एक कांडं होतं.

नंदीबैलांची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून घरोघर ओढत नेतात, खाऊ घेतात, बोजारा म्हणून हातावर नाणं मिळवतात. संध्याकाळ झाली की नंदी धुऊन-पुसून फळीवर चढतो, तो पुढच्या वर्षीच खाली उतरतो. वेणूबाईंच्या डोक्यानं घेतलं की ओढण्या-ढकलण्याच्या वयाच्या पोरांना याच्याहून चांगलं खेळणं नाही आणि ते वर्षभर फळीवर धूळ खातंय. झालं. बाई घरोघर नंदी मागत फिरायला लागल्या.

बहुतेकांनी दिले. कवडूजींनी दिला नाही. कवडूजी म्हणजे गावचं मोठं प्रस्थ, आणि त्यांचा नंदी गुडघ्याएवढा, शिसवीचा, पितळी चाकांचा. "पूजा केलेला नंदी हाय, बाई! धुळीत कायले लोळवू?"

"कवडूजी, तुमचा खरा बैल पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय करते?"

"नांगराले... म्हनजे कामाले जाते."

"मंग यालेच कायले पेन्शन देल्ली?"

ओट्यावर बसलेली माणसं हसली. कवडूजींनी चिडून का होईना नंदी काढून दिला. महिन्याभरात त्याचं एक शिंग मोडलं. बातमी लागताच कवडूजी काठी टेकत तणतणत बालवाडीत आले. आत त्यांचाच चार वर्षांचा नातू नंदीचं डोकं मांडीवर घेऊन मोडलेलं शिंग सुतळीनं बांधत बसला होता. गाठ काही बसत नव्हती. एक छोटी पोरगी शिंग धरून होती आणि त्याला सांगत होती, "हळू बांध न बे, त्याले दुखते." कवडूजी दारात तसेच उभे राहिले. मग काठी भिंतीला टेकवली, खाली बसले, आणि नातवाला गाठ मारायला शिकवू लागले. पोळ्याच्या नंदीला पोरीनं हात लावलेला होता, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. की आलं आणि बोलले नाहीत, कोण जाणे.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते.

पहिलीच्या वर्गाला अंक शिकवायला मी चिंचोके वापरायचो. आमच्या पिढीचा प्रत्येक मास्तर वापरायचा. फुकट मिळतात, हाताला गुळगुळीत, पोरांना आवडतात. एक दिवस माझ्या वर्गात असे ढीग मांडून बेरजा चालू होत्या आणि वेणूबाई काहीतरी विचारायला दारात आल्या. त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. त्या आत आल्या, एक शब्द न बोलता खाली वाकल्या, आणि पोरांच्या पुढ्यातले सगळे चिंचोके फडक्यानं लोटून गोळा करून घेऊन गेल्या. भर वर्गात! चाळीस पोरांसमोर!

संध्याकाळी मी तावातावानं त्यांच्या घरी गेलो. महादूभाऊ ठोकळा घासत होते, ते मला पाहून आत निघून गेले. मी बरंच बोललो. माझा वर्ग, माझी पद्धत, माझा अपमान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "गुरुजी, आमचा दिवाकर अडीच वरसाचा होता."

मला दिवाकर कोण ते कळलं नाही. कळलं तेव्हा उभा होतो तो खाली बसलो.

"मले धान कांडाचे होते. तो कांडू देत नवता, सारखा मुसळाले झोंबे. म्या त्याले ओसरीत बसवलं, हातात चार चिंचोके देल्ले. म्हटलं, खेळ बापा. भारी खूष झाला. म्या चार घाव घातले असतीन. आवाज नाई आला म्हनून पायलं." त्यांनी आतल्या दाराकडे मान केली. "यानं दवाखान्यात न्याले गाडी जुपली. तळ्याच्या पाळीवर गेली गाडी. मंग वापस फिरवली."

आतून काचपेपरचा आवाज येत होता.

"सगळे म्हनत होते, देवानं नेलं. देवानं कायले नेलं? खेळनं म्याच निवडलं होतं."

मी क्षमा मागितली की नाही, मला आठवत नाही. मागितली असावी. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वर्गात चिंचोका दिसला नाही. पण तेवढ्यानं माझ्या मनाचं समाधान झालं नाही आणि आजही होत नाही. मी त्या बाईला तिच्या ओसरीवर, त्याच जागी उभा राहून, माझा अपमान झाला म्हणून सांगत होतो.

दोनेक वर्षांनी संस्थेचं परिपत्रक आलं. बालवाड्यांनी पैसे न लागणारं, गावातच मिळणारं साहित्य वापरावं. कल्पना चांगलीच होती. वेणूबाई तर तेच करत आल्या होत्या. पण सोबत यादी होती आणि यादीत पहिलीच ओळ: 'गणनपूर्व तयारीसाठी चिंचोके, नग पन्नास.'

वेणूबाईंनी यादीतलं बाकी सगळं केलं. चिंचोक्यांच्या जागी त्यांनी जे केलं ते मी पुढं माझ्या वर्गात उचललं, आणि जिथं जिथं बदली झाली तिथं नेलं. धान कापलं की आमच्याकडे त्याच्या मूठमूठ कडपा शेतात पसरतात, मग त्या बांधून भारा करतात. बाईंनी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, वीतभर लांबीच्या छोट्या कडपा बांधल्या. पोरांनी दहा कडपा मोजल्या की भारा बांधायचा. पुन्हा दहा, पुन्हा भारा. धानकापणी रोज पाहणारी पोरं. त्यांना दशक-एकक शिकवावंच लागलं नाही. चार वर्षांचं पोर छातीशी भारा धरून सांगायचं, "बाई, माहे दोन भारे अन् तीन कडपा झाल्या."

सुपरवायझरबाई तपासणीला आल्या तेव्हा मी तिथं होतो. त्या वाईट नव्हत्या. एसटीनं दिवसाला तीन-तीन गावं करायच्या, थकून गेलेल्या असायच्या. त्यांनी भारे पाहिले, हसल्या, "छानच आहे हो!" म्हणाल्या. मग यादी काढली. "चिंचोके कुठे आहेत?"

"ते नाई ठेवले."

"अहो, पण यादीत आहेत. हे भारे राहू द्या, पण चिंचोके हवेतच. सगळ्या बालवाड्यांत एकसारखं साहित्य दिसलं पाहिजे, वरून पाहुणे यायचे आहेत."

"दुसरं कायी बी सांगा, करीन."

"पण कारण काय?"

वेणूबाई सुटलेला एक भारा बांधू लागल्या. मी बोलायला तोंड उघडलं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. सुपरवायझरबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

महिन्यानं पत्र आलं. सूचनेचं पालन का केलं नाही याचा लेखी खुलासा करावा, अन्यथा बालवाडी दुसऱ्या बाईंकडे सोपवण्यात येईल. अक्षर चांगलं म्हणून असले कागद गावात मीच लिहायचो. मी कागद-पेन घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो आणि म्हटलं, "बाई, आता लिहू या. दिवाकरचं लिहू या. वाचल्यावर कोणाची हिंमत होणार नाही."

"नाई जी."

"अहो, पण नोकरी जाईल."

"जाईन त जाईन. कागदावर त्याचं नाव गेलं म्हनजे ते फाइलीत बांधून ठेवतीन. मेल्या लेकराले नोकरी वाचवाच्या कामाले नाई लावत." मग त्याच म्हणाल्या, "नोकरीचं नाई जी. लेकरं माह्याजवळून जातीन, त्याचंच वाटते."

खुलासा त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. तो मला पाठ आहे. 'चिंचोके वापरले नाही. वापरणार नाही. बाकी सर्व वापरीन.' खाली वेणूबाईंची सही, वळणदार, सावकाश केलेली.

बालवाडी गेली. मी गावातर्फे अर्ज लिहिला, कवडूजींनी पहिली सही केली, उत्तर आलं नाही. नवी बाई म्हणून गावातलीच एक सून नेमली गेली, शेवंता. मॅट्रिक झालेली, विशीतली, ऑफिसच्या नावानं थरथर कापणारी पोरगी. चार्ज द्यायच्या दिवशी शेवंता रजिस्टर उघडून खेळणी मोजायला बसली आणि वेणूबाई तिला पोरं सांगायला लागल्या. "हा सगळं डाव्या हातानं करते, त्याले रोकू नोको. हिले ठोकळे रचता येत नाई, पन दुसऱ्यानं रचलेले पाडाले आवडते. पाडू देजो, थोडे दिवसानं सोता रचन. अन् हा बोलत नाई म्हनून मुका समजू नोको, त्याले नंदी देजो. नंदीसंग बोलते." शेवंता "हो बाई, हो बाई" करत होती. शेवटी तिनं नव्या साहित्यावर सही केली. पत्र्याच्या डब्यात चिंचोके, नग पन्नास.

मला वाटलं, आता त्या या अंगाला फिरकायच्या नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर फिरकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी बालवाडी भरायच्या वेळी वेणूबाई दारात हजर. शेवंता घाबरली, तिला वाटलं भांडायला आल्या. वेणूबाई उंबऱ्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "डबा आन. मोज माह्यासमोर." शेवंतानं मोजले. पन्नास. वेणूबाई उठून शेतावर गेल्या. सुटायच्या वेळी परत आल्या, दाराला आडव्या बसल्या. "आता वापस मोजू." या वेळी स्वतः मोजू लागल्या. मी भिंतीच्या खिडकीतून पाहत होतो. इतक्या वर्षांत या बाईनं चिंचोक्याला बोट लावलेलं नव्हतं, माझ्या वर्गातलेही फडक्यानं लोटून नेले होते. पहिला चिंचोका त्यांनी विंचू उचलावा तसा उचलला. मग दुसरा. पन्नास झाले तेव्हा कपाळावर घाम होता. त्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "जावा आता घरी."

हे रोज चाललं. ना पगार, ना पद. पोरांच्या आया हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. धान रोवण्याच्या दिवसांत बायका भर चिखलात वाकलेल्या असतात, मजुरीचा खोळंबा कोणी करत नाही. वेणूबाई तेवढ्यात बांधावर चढायच्या, पाळीवरून चालत यायच्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि दारात बसून मोजायच्या. "बाई, मी मोजत जाईन ना," शेवंता एकदा म्हणाली. वेणूबाई म्हणाल्या, "मोजत जाय. मी बी मोजतो." शेवंताला राग येत नसे. उलट पुढं पुढं तीच त्यांची वाट पाहायची.

ऐंशी साल उलटल्यावर माझी बदली झाली, थेट तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीवर बपेऱ्याकडे. सामान आणि बायको-पोरगी आधीच रवाना केली होती. शेवटच्या दिवशी दुपारच्या एसटीनं मी निघणार होतो. वाटेत बालवाडीत डोकावून वेणूबाईंचा निरोप घ्यावा म्हणून गेलो तर दार बंद, आणि आत गडबड.

मी दार ढकललं. "लावा जी, लावा दार," वेणूबाई आतून म्हणाल्या. एकोणपन्नास भरले होते.

पोरं भिंतीला ओळीनं उभी. शेवंता एकेकाला "आ कर" म्हणून तोंडात बोट फिरवत होती, खिसे उलटे करत होती. वेणूबाई सतरंजी झटकत होत्या. मीही गुडघ्यावर बसलो. नंदीच्या चाकांखाली पाहिलं, भाऱ्यांत पाहिलं, उंबऱ्याच्या फटीत काडी घातली.  पोरांनाही कळलं होतं की हसायचं नाही. तेवढ्यात लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. शेवंता म्हणाली, "गुरुजी, तुमची एसटी." मी काडी फिरवत राहिलो.

कोपऱ्यात ठोकळ्यांच्या ढिगामागं एक पोरगी झोपली होती. तीन वर्षांची असेल, सगळ्यात लहान. ती ओळीत नाही हे आम्हा तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. वेणूबाईंनी पाहिलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. मग अक्षरशः रांगत तिच्याजवळ गेल्या. त्यांनी चिंचोका शोधला नाही. आधी आपला कान त्या पोरीच्या तोंडाशी नेला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एसटी गेल्याचा आवाज त्यातच कधीतरी आला.

मग त्यांनी पोरीची मिटलेली मूठ हातात घेतली, एकेक बोट सोडवलं, आणि घामेजलेल्या तळहातावरचा चिंचोका उचलून डब्यात टाकला. पोरगी जागी झाली नाही. 

"गुरुजी," डबा माझ्यापुढं सरकवत त्या म्हणाल्या, "एक डाव तुमी मोजा."

मी सतरंजीवर मांडी घातली आणि मोजायला लागलो. पोरं ओळीत उभी, वेणूबाई दाराला पाठ लावून बसलेल्या, नजर माझ्या बोटांवर. "पन्नास," मी म्हणालो. त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या. मी डबा पुन्हा सतरंजीवर रिकामा केला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.